छान, चालू ठेव

धुळे,
२८ जानेवारी २०२४

चि. समीक्षास जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गुवाहाटीची लढत जिंकलीस, आनंद झाला. मग जेवणं झाल्यावर मी आणि तुझी मामी बसलो आणि या विजयाची खरी किंमत काढली. डाव्या भुवईवर पाच टाके. मागची एक दाढ. नऊ दिवस मीठ बंद, शेवटचे तीस तास पाणीसुद्धा बंद. वजनकाट्यापायी पावणेतीन किलो समीक्षा वितळली, ती वेगळी. तिकडे यावलला तुझ्या आईचे तीन खाडे. तुझी लढत असली की अक्का केळीच्या बागेत पाय ठेवत नाही. घड सोडून बोट कापलं जाईल म्हणते. आणि माझ्याकडे पाच हॉर्सपॉवरची एक मोटर जळाली, कारण तुझ्या विचारात मी वार्निश द्यायचं विसरलो. एवढं सगळं घातलं. आलं काय? बारा मिनिटं आणि एक हात वर.

असो. हात तुझा आहे, म्हणून किंमत परवडली.

पोस्टमन रोज विचारतो, "अभिमनभाऊ, आजच्या काळात पत्रं कोण लिहितं हो?" मी म्हटलं, "ज्याला आपला आवाज पकडला जाईल अशी भीती वाटते, तो." मला कळतं गं. तुझं नुसतं 'हॅलो' ऐकून मी सांगेन, जेवलीस की नाही. लांब पेचकसाचं टोक मोटरीवर, मूठ कानाला. बेअरिंग गेलं की वाइंडिंग, दोन सेकंदांत निकाल. तीस वर्षांत या कानाला फसवणारी मोटर धुळे जिल्ह्यात आलेली नाही. शिरपूरपासून साक्रीपर्यंत कुणालाही विचार. गिऱ्हाईक मात्र बिघडलंय. हल्ली जो येतो तो पुटपुटतो. मोबाइलवर बोलून बोलून लोकांचे घसे बसलेत, दुसरं काय.

तुझे वडील गेल्यावर अक्काने तुला माझ्याकडे पाठवलं, तेव्हा तू अकरा वर्षांची. शाळेत कुणी ढकललं तर दुसऱ्या दिवशी त्याची आई दुकानात यायची. म्हणून तर ठोसे मारायला सरकी भरून गोणी टांगली. मी तुझ्याकडे पाठ करून तार गुंडाळत बसायचो आणि नुसत्या आवाजावर ओरडायचो, "उजवा पाय घासला! उचल!" आठवतं ना? ती गोणी आहे अजून. सरकीत उंदीर शिरले होते, मामीने बदलली.

कधी येतेस?

तुझा,
अभिमन मामा

०

रोहतक,
१९ फेब्रुवारी २०२४

प्रिय मामा, जयभीम.

फोन करत नाही कारण सर सकाळीच सगळ्यांचे मोबाइल गोळा करतात. एवढंच कारण आहे. तुम्ही उगाच त्यात बेअरिंग शोधू नका.

भुवई भरली. दाढेकडून आता जेवताना गार हवा येते. इथे दूध बादलीने मिळतं आणि तिखट चिमटीने. माझ्या खोलीतली मुलगी मला विचारते, "तेरे गाँव में मिर्ची खाकर लड़ते हैं क्या?" मी म्हटलं, नाही, लढून झाल्यावर खातो. मामीला सांगा, कळण्याचं पीठ पाठवता आलं तर बघा. भाकरी मला थापता येत नाही, पण पिठाचा वास तरी येईल.

तुम्ही मागे एकदा विचारलं होतं, रिंगमध्ये बसायला जागा कुठे असते. समोरासमोरचे दोन कोपरे असतात, एक लाल, एक निळा. लाल कोपरा घरच्या मुलीचा. तिचं गाव, तिचा ढोल, तिची आई पहिल्या रांगेत. बाहेरून बोलावलेली पाहुणी निळ्यात. मी व्यावसायिक झाल्यापासून एकदाही लाल कोपऱ्यात बसलेले नाही. सर येऊ शकले नाहीत, तर मागे उभं राहून पाणी पाजणारा माणूससुद्धा आयोजकच देतात. मागच्या वेळी तिसऱ्या राउंडनंतर मी त्याला त्याचं नाव विचारलं. तो म्हणाला, "आप साँस लो, नाम बाद में."

इथे सगळे माझ्याकडे तोंड करून शिकवतात. पाठ करून कुणी बसत नाही. कधी कधी पाय घासला की मी थांबते, मागून कुणी ओरडेल म्हणून.

मार्चमध्ये बँकॉक आहे. काळजी नको. आईला सांगा, बागेत जा म्हणावं.

तुमची,
समीक्षा

०

धुळे,
१२ सप्टेंबर २०२४

चि. समीक्षास जयभीम व आशीर्वाद.

बँकॉक, मग कोलंबो, मग परत गुवाहाटी. तिन्ही पत्रं पेटीत ठेवली आहेत. पेंटरला बोलावून दुकानावर पाटी लावली. वर 'सबमर्सिबल पंप दुरुस्ती', खाली 'कु. समीक्षा : १० लढती, १० विजय'. पारोळा रोडवरून जाणारी एसटी सिग्नलला थांबते, तेव्हा अख्खी खिडकी वाचते.

आता मुद्द्याचं. जळगावचे देवचंदशेठ केळी पिकवायचा कारखाना चालवतात. त्यांच्या थंड खोलीची मोटर जळाली म्हणून दुकानी आले. पाटी वाचली. म्हणाले, "भाऊ, खरंच बठ्ठ्या जिकनी?"

मी म्हटलं, "बठ्ठ्या. दहाच्या दहा."

"मग बँकॉकवाल्यांनी पाहायची आणि आम्ही काय केळी मोजायची? आपल्या जळगावात का नाही?"

माणूस बोलला तसा वागला. मुंबईच्या लोकांशी बोलून एकोणीस जानेवारीची तारीख घेतली, हॉल घेतला. बाकीच्याही पाच लढती आहेत, पण शेवटची तुझी. सहा राउंड. आणि शेठला मी पहिली अट काय घातली? भाची लाल कोपऱ्यात बसेल.

दुसरी अट माझ्यासाठी. लग्नात मामा भाचीच्या पाठीमागे उभा राहतो. तुझं लग्न कधी, ते तू ठरव, मी विचारत नाही. पण पाठीमागे उभं राहायचा मान माझा आहे आणि तो मी इथे वसूल करणार. सहायक म्हणून नाव द्यावं लागतं म्हणे, दिलं. पाय घासला की तुझ्या सरांच्या आधी मला ऐकू येईल, हे त्यांना आत्ताच सांगून ठेव.

अक्का येणार आहे. ती म्हणते, डोळे मिटून बसेन, पण बसेन.

अभिमन मामा

०

रोहतक,
३ ऑक्टोबर २०२४

मामा,

हे पत्र तीन वेळा फाडलं. आता चौथ्यांदा जे येईल ते पाठवणार.

पाटी उतरवा. मी दहापैकी दहा जिंकलेले नाही. अकरा लढती झाल्या, त्यांतल्या तीन जिंकल्या. पहिल्या तीन. त्यानंतर आठ हरले. पहिल्या गुवाहाटीला हात वर झाला तो समोरच्या मुलीचा. बँकॉक हरले, कोलंबो हरले, परतची गुवाहाटी हरले. पाच टाके खरे आहेत, दाढ खरी आहे. फक्त हात खोटा.

कुणी मला मुद्दाम हरायला सांगत नाही, एवढं समजून घ्या. मी दर वेळी जिंकायलाच जाते. पण निळ्या कोपऱ्यातल्या मुलीला दहा-बारा दिवस आधी बोलावतात. ती दोन किलो जास्त उतरवून, रात्रभर प्रवास करून पोचते. अटीतटीचा राउंड असला की जज ढोलाच्या बाजूने जातात. अशा मुली लागतात मामा. घरच्या मुलीला जिंकायला कुणीतरी लागतं. मी चांगली आहे, पडत नाही, सहाही राउंड उभी राहते, म्हणून मला बोलावतात. हीच माझी ख्याती.

सरांनी स्पष्ट सांगितलंय. जळगाव जिंकले तर ते आणखी दोन वर्षं माझ्यावर घालवतील. नाही जिंकले तर जानेवारीनंतर माझी खाट दुसऱ्या मुलीला. सव्वीस वर्षांची आहे, त्यांचंही खरं आहे.

देवचंदशेठना सांगा. त्यांनी लढत रद्द केली तरी मला राग येणार नाही. तुम्ही मात्र काहीतरी लिहा. रागावलात तर तसं लिहा.

समीक्षा

०

धुळे,
१४ ऑक्टोबर २०२४

चि. समीक्षास आशीर्वाद.

राग कसला? मला माहीत होतं.

तू काय समजलीस, मामाला पत्रातल्या शाईवरून फसवशील? दोन वर्षांपूर्वी याच दिवशी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तुझा फोन आला होता. मी विहाराच्या दारात उभा होतो, आत वंदना चालू. तुझा आवाज ऐकला आणि तिथल्या तिथे ओळखलं, पोर हरली. सुटलेलं बेअरिंग आहे हे, कान कधी चुकत नाहीत. पुढची सगळी पत्रं मी ते लक्षात ठेवूनच वाचली.

मग पाटी का लावली म्हणशील. पाटी तुझ्यासाठी नव्हती गं. सकाळी शटर उचलताना तुझं नाव डोळ्यांसमोर यावं, म्हणून होती. पुढचा आकडा पेंटरने विचारला, तेव्हा तुझ्या पत्रातला सांगितला. खाली तीन आणि आठ लिहिलं असतं, तरी मी तितकंच बघितलं असतं. पण एसटीतल्या माणसाला काय समजावणार?

देवचंदशेठना जळगावला जाऊन खरं सांगितलं. त्यांनी पोस्टरचा नमुना काढून टेबलावर पसरला. मग म्हणाले, "भाऊ, पोस्टर छापायला गेलं. आता ह्या आठ मी कुठे चिकटवू?" मग त्यांनीच विचारलं, "जळगावात हरली का कधी?"

"जळगावात खेळलीच नाही."

"मग झालं! 'जळगावात अपराजित' छापा."

व्यापारी माणूस. लढत ठरली आहे. तू ये.

अभिमन मामा

०

रोहतक,
२८ ऑक्टोबर २०२४

मामा,

येते. शब्द दिलाय, आणि हरायचं असेल तर निदान आईसमोर हरेन.

पण तुमचं पत्र वाचून आठ दिवस सराव नीट झाला नाही. तुम्हाला राग आला नाही, याचं वाईट वाटत नाही. वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं.

चौदा ऑक्टोबर, बावीस. मला पण तो फोन आठवतो. चौथी लढत होती, पहिल्यांदा हरले होते. रोहतकच्या स्टँडवर उभी होते, हातात बॅग होती. मी तुम्हाला म्हटलं, "मामा, मला इथे नाही जमत. मी घरी येऊ का?" दोनदा म्हटलं. तुम्ही म्हणालात, "छान, छान. चालू ठेव." आणि फोन ठेवलात.

इतके दिवस मी मनाला सांगत होते, मामांना नीट ऐकू आलं नसेल, विहारात माइक चालू होता. त्या समजुतीवर मी दोन वर्षं काढली. आता तुम्हीच लिहिता, सगळं ऐकलं, आवाजावरून ओळखलं, कान चुकत नाहीत.

म्हणजे तुम्ही ऐकलंत आणि तरी म्हणालात, चालू ठेव.

मी त्या दिवशी बॅग घेऊन परत खोलीवर गेले. मनाला समजावलं तरी आत वाटतच होतं, हरलेली भाची मामांना घरी नकोय. म्हणून मग पत्रांत जिंकायला लागले. फोनवर तुम्ही ओळखलं असतं.

तुम्ही बरोबरच केलं असेल. फक्त का, ते एकदा सांगा.

समीक्षा

०

धुळे,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या मामीने पण वाचलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा चांगलं बोलली नाही.

तू जे विचारलंस ते मला पत्रात लिहिता येत नाही. मी सहावी शिकलेला माणूस. हाताने तार गुंडाळता येते, त्याच हाताने हे लिहिता येत नाही. एवढंच सांगतो, हरलेली भाची नकोय असं माझ्या मनात कधी आलं नाही. आलं असेल तर या हातांना लकवा भरो.

गोणीत नवी सरकी भरली आहे. तुझी खाट झाडून ठेवली आहे. थंडी फार पडली, शाल घेऊन ये.

एकोणीस जानेवारीला मी तुझ्या पाठीमागे उभा आहे. त्या दिवशी बघ माझ्याकडे.

अभिमन मामा

०

यावल,
२२ जानेवारी २०२५

प्रिय मामा, जयभीम.

तीन दिवस आईकडे आहे. तुम्ही तीन तासांच्या अंतरावर आहात, तरी पत्र लिहितेय. का, ते शेवटी कळेल.

तुम्ही म्हणाला होतात, बघ माझ्याकडे. मी बघितलं. लाल कोपऱ्यात बसून मला खरं तर समोर बघायला हवं होतं, बुऱ्हाणपूरच्या नाजमीनकडे. निळ्या कोपऱ्यात तिच्यामागे तिचा भाऊ एकटा उभा होता. एका हातात बाटली, दुसऱ्यात टॉवेल, आणि स्टूल उचलायला तिसरा हात नव्हता. तो कोपरा मला पाठ आहे. ती काय विचार करत असेल ते मला शब्दन् शब्द माहीत होतं. तिला मारताना पहिला राउंड माझा हात आखडत होता. सर खेकसले, "रिश्तेदारी बाद में!"

दुसऱ्या राउंडनंतर तुम्ही म्हणालात, "उजवा पाय घासतोय." बरोबर होतं. पण बोलायच्या आधी तुम्ही खाली पहिल्या रांगेत मामीकडे बघितलंत. मामीने आपल्या उजव्या गुडघ्यावर हात मारला. तिसऱ्यानंतर तुम्ही म्हणालात, "दम लागलाय, नाकाने श्वास घे." त्याही आधी मामीकडे बघितलंत, आणि मामीने नाकाला बोट लावलेलं होतं. मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी ठरलंय.

चौथ्यानंतर दहा सेकंद उरल्याची शिट्टी झाली. सर स्टूल घेऊन खाली उतरले. तुम्ही माझ्या तोंडाला बाटली लावून तसेच उभे. घंटा वाजली. मी उठले, नाजमीन रिंगच्या मधोमध येऊन पोचली, आणि तुम्ही अजून आत. रेफरी ओरडला, "मामा, बाहेर!" हॉल हसला. तुम्ही माझ्या ओठांकडे बघत होतात, मी काही म्हणतेय का ते. शेवटी मामीने दोरातून हात घालून तुमचा शर्ट ओढला.

मग निकाल. रेफरीने माझा हात वर केला आणि तुम्ही "जिकनी! जिकनी मनी भाची!" म्हणत दोरांमधून आत आलात, देवचंदशेठना मिठी मारलीत. शेठच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, तोही फोडलात. रेफरीने दुसऱ्या हाताने नाजमीनचाही हात वर केला होता, ते तुम्ही उशिरा बघितलंत. लढत बरोबरीत सुटल्याचं माइकवर दोनदा सांगितलं होतं, मामा. एकदा हिंदीत, एकदा मराठीत. शेठ म्हणाले, "काय हे! भाव ठरला नाही, दोघी घरी?" पण पेढे फुटलेच होते, म्हणून नाजमीनलाही दिले. तिने दोन घेतले. एक भावाला.

सरांचा काल फोन आला. जिंकली तर दोन वर्षं आणि हरली तर खाट खाली, असं त्यांनी ठरवलं होतं. बरोबरीचं त्यांनी ठरवलंच नव्हतं. आठ दिवसांत कळवतो म्हणाले. नेमका तोच वेळ मीही मागून घेतला. तीन जिंकल्या, आठ हरल्या, एक बरोबरीत. पाटीवर हेच लिहा, लाल रंगात.

काल मामी यावलला आली होती. तुम्हाला पारोळ्याला जाते म्हणून सांगितलं असेल. आईने तिला कळण्याची भाकरी वाढली, ती जेवली नाही. आधी बोलली. बोलून झाल्यावर जेवली. तुमच्यावर रागावू नको म्हणाली. मी रागावलेले नाही. जळगावला कानाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली आहे. मी तुम्हाला घ्यायला येते, आणि तिथे मी तुमच्या मागे उभी राहीन. नाही म्हणू नका.

बावीस साली जे तोंडाने विचारलं होतं, ते आता लिहून विचारते, म्हणजे तुम्हाला वाचता येईल. सर हो म्हणोत की नाही म्हणोत. मामा, मी घरी येऊ का?

उत्तर पत्रानेच द्या. फोनची घाई नाही. दुकानात आलेल्या मोटरीला बावीसच्या पोळ्यापासून मामीच कान लावते.

तुमची,
समीक्षा